वाऱ्याकडं तोंड केलेला घोडा

साखरा, १६ जानेवारी २००१

परमेश्वर,

पत्राचं कारण पहिल्या ओळीत लिहायचं, असं शाळेत शिकवलंय. कारण तूच पाठवलंस पोस्टातून, पुंगळीत गुंडाळून. सात वर्षांत एक ओळ न्हाई, आणि पाठवलं तर काय, कॅलेंडर! आत चिठ्ठी असंल म्हणून मी पुंगळी उलटी करून आपटली, डोळा लावून बघितली. मग मायनं बघितली. पोस्टमन उभाच होता. म्हणला, "बाई, काय हरवलं?" मी म्हणले, "भाऊ."

पत्ता पुंगळीवर होता म्हणून लिहून राहिले. पुण्यात हायस ते कळलं, धडधाकट हायस ते कळलं. माय त्या अक्षरावर हात फिरवत अर्धा दिवस बसली. तिला वाचता येत न्हाई, पण म्हणती, "हे वळण माझ्या लेकराचंच हाय."

आधी इथलं सांगते. तू गेलास तवा आपला जिल्हा परभणी होता, आता हिंगोली लिहीत जा, तालुका सेनगाव. मी हट्ट्याला सासरी न्हाई, साखऱ्यालाच हाय. दोन वर्षांमागं आबा नाल्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. आता काठीनं ओट्यापर्यंत येतात, रानात जाणं संपलं. तुझे दाजी म्हणले, चल, तिकडंच जाऊन मेंढरं सांभाळू. सासऱ्यांनी बी आडकाठी केली न्हाई. मला दोन लेकरं हायेत. पुनम पाच वर्षांची, बारका दोनचा. दोनदा मामा झालास अन् तुला पत्ता न्हाई, धन्य हाय तुझी.

कॅलेंडर मी ओट्यावर लावलं, आबाच्या खाटेसमोर. कुणी पाठवलं म्हणून सांगू? तू गेल्यापासून आबाच्या तोंडून तुझं नाव निघालं न्हाई, आमी बी काढत न्हाई. मी म्हणले, सेनगावच्या दुकानदारानं दिलं. आबा पहिलं पान बघत बसले.

आता एक विचारते. राग आला तर येऊ दे. हे पहिलं पान असलं काहून? करडं आभाळ, रस्ता, मोठ्या गोल टोप्या घातलेली तीन माणसं, लादलेला घोडा, आणि वरून पांढरे ठिपके पडून राहिलेत. आबा लई वेळ बघून म्हणले, "गारा." एवढंच. माय पाणी आणायच्या निमित्तानं उठली. मी चुलीपाशी जाऊन बसले. कुणी कुणाकडं बघितलं न्हाई.

बारा चित्रांत गारांचंच पहिलं ठेवायचं होतं का रे? तुला जे बोलायचं ते मला सरळ लिही. चित्रं पाठवू नको. मी ऐकून घेईन, ऐकायलाच पाहिजे मला.

तुझी अक्का,
शिवकन्या


साखरा, ११ फेब्रुवारी २००१

परमा,

कार्ड पोचलं. अकरा ओळी. मायनं बोट ठेवून मोजल्या.

गारा न्हाईत, बर्फ हाय! वाचलं अन् माझा जीव भांड्यात पडला. तू लिहितोस, तो जपान देश हाय, चित्रं दीड-पावणेदोनशे वर्षांमागची, लाकडाच्या फळ्या कोरून छापलेली. तुझ्या प्रेसनं कुण्या मशिनवाल्या कंपनीसाठी कॅलेंडर छापलं, कामगारांना एकेक दिलं. त्यात वाटेनं चालणारी माणसं अन् ऊन, वारा, पाऊस बघून तुला आबा आठवले. एवढंच ना? मग तेवढं चिठ्ठीत लिहायला हात दुखत होता का? महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई.

मला वाटलं, तू मला तो दिवस दाखवून राहिलास. चौऱ्याण्णवच्या शिमग्यातला. एक्केचाळीस मेंढरं गारांत गेली, अन् दुसऱ्या दिवशी तू गेलास. पाळी तुझी होती, पण रानात कोण होतं ते तुला अन् मलाच ठाऊक. तू हिंगोलीला संतराम पेंटरकडं पाट्या रंगवायला शिकून राहिला होतास. आबाला चोरून जायचास, अन् तुझ्या जागी मी मेंढरं राखायची. संध्याकाळी चार लोकांसमोर आबांनी विचारलं, रानात कोण होतं? तू म्हणलास, मी. अन् मी तिथंच उभी होते, तोंड शिवल्यावानी. आबाची काठी तुझ्या पाठीवर पडली तरी मी बोलले न्हाई. हे मी आज पहिल्यांदा लिहून राहिले. कुणाशी बोलले बी न्हाई आजवर.

असो. आबाची गंमत ऐक. तुझं कार्ड यायच्या आधीच त्यांनी गारा रद्द केल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी मला बोलावून म्हणले, "गारा न्हाईत गं ह्या. गारांत माणूस डोकं धरून पळतं. हे तिघं बघ कसे सावकाश चाललेत. घोड्यानं कान पाडले न्हाईत. काहीतरी मऊ पडून राहिलंय. अन् वारा न्हाई त्या दिवशी, शेपूट सरळ लोंबतंय." मी कार्ड वाचल्यावर भोळेपणानं म्हणले, "आबा, बर्फ असंल." म्हणले, "असंल. थंडी लई दिसती. मागच्याच्या मुठी बाह्यांत हायेत."

मला त्या मुठी दिसल्याच नव्हत्या. रोज बघत होते तरी.

मायला मी सगळं वाचून दाखवलं, आबा झोपल्यावर, दुपारी. एकेका रंगाला वेगळी फळी लागती, अन् पावसाच्या रेघांना बी फळी कोरावी लागती, हे ऐकून म्हणती, "पावसाला बी फळी? मग ती आपल्याकडं कुणीतरी हरवून ठिवली म्हणायची." ती लई दिवसांनी अशी बोलली.

मोठं पत्र लिही. अकरा ओळींत भागत न्हाई.

अक्का


साखरा, २० मे २००१

परमा,

तुझं पत्र वाचून मला असा राग आला, की मी ते पिठाच्या डब्यात टाकलं अन् तीन दिवस काढलं न्हाई. "आबांनी बोलावलं तरच येईन." वा रे वा! ते बोलवणार न्हाईत, तू येणार न्हाईस. दोघं एकाच खाणीतले दगड, अन् मधी आमी बाया.

आणि वर मला शिकवतोस, "अक्का, तू गप राहा, तुला सासर हाय." ते तर तवाबी होतंच. साखरपुडा होऊन आठ दिवस झाले होते म्हणून तर तू ते अंगावर घेतलंस. आपल्या लोकांत जिच्या हातून कळप बुडाला तिला सून म्हणून कोण घेतंय? वाईट पायगुणाची म्हणून घरी बसले असते मी. हे मला तवाबी कळत होतं. कळत होतं म्हणूनच गप राहिले. भित्री होते मी, परमा. चांगली न्हाई, भित्री.

पण आता मला सोसत न्हाई. कारण आबांचं काय चाललंय ते तुला सांगते.

कॅलेंडरनं त्यांना येड लावलंय. मार्चात धुक्याचं चित्र होतं, माणसं नुसती सावलीवानी. शेजारचे कोंडीबा मामा म्हणले, छपाई खराब झाली. आबा भडकले. "पहाटं रानात कधी गेलास का तू? पुढचा माणूस काळा दिसतो, मागचा राखाडी, त्याच्या मागचा दिसतच न्हाई. चितारणारा पहाटं उठून गेलाय तिथं. तू न्हाई." मामा दोन दिवस आले न्हाईत.

आता मे महिन्याचं पान वाऱ्याचं हाय. माळावरचा रस्ता, गवत आडवं झालेलं, एकाची टोपी उडून चाकावानी पळून राहिली अन् तो तिच्या मागं. एक बाई पदर दातात धरून चालली. अन् कडेला निळं गाठोडं पाठीला बांधलेला एक माणूस, वाकून चाललेला. आबांना वाटतं, तो निळ्या गाठोड्याचा माणूस दर महिन्याच्या चित्रात हाय. जानेवारीच्या बर्फात बी तोच, धुक्यात मागं राहिलेला बी तोच. तुझे दाजी म्हणले, "मामा, तिकडं सगळ्यांचे कपडे सारखेच असतील." आबा म्हणले, "कपड्यावरून मेंढरं ओळखतोस का तू? चालीवरून ओळखू येतंय. तो उजवा पाय जपून टाकतो."

उजवा पाय. तुझा उजवा अंगठा बैलानं तुडवला होता, तवापासून तू जपूनच टाकायचास. माय माझ्याकडं बघत होती, मी मायकडं.

परवा मी पाणी घेऊन आले तर बघते काय, पुनमला खाटेवर उभी केलेली, ती एकेक पान वर उचलून धरून राहिली अन् आबा मान वाकडी करून पुढचे महिने बघून राहिलेत. मला बघून पुनमला म्हणले, "सोड, सोड." मी विचारलं, "काय शोधून राहिलात?" म्हणले, "हा पोचतो का कुठं, ते बघत होतो. डिसेंबरापर्यंत चालतोच हाय बिचारा. कुणी एक घोंगडी तरी द्यायची त्याला." अन् तोंड भिंतीकडं केलं.

आता सांग, मी कशी गप राहू? मी खरं सांगितलं तर माझ्या सासरी काय होईल मला ठाऊक न्हाई. न्हाई सांगितलं तर हे म्हातारं माणूस भिंतीवरच्या परक्या वाटसरूची काळजी करत जाईल, अन् तू पुण्यात मशिनपाशी उभा राहशील. दोन्हीकडून माझीच तकलीफ. माझ्याच करणीनं झालं म्हणा.

अक्का


साखरा, ९ सप्टेंबर २००१

परमा,

बसून वाच. चहा घे, बस, मग वाच.

सप्टेंबरचं पान तुझ्यापाशी असंल तर काढ. नदीकडंचा रस्ता, वादळ, पाऊस तिरपा, दोरे ताणल्यावानी. गवताचे अंगरखे घातलेली माणसं पाठ वाकवून चाललेली, दोन घोडे शेपटाकडून वारा घेऊन उभे. अन् अगदी कडेला तिसरा घोडा. त्याचं तोंड वाऱ्याकडं. मान वर, लगाम लोंबता, जवळ कुणी न्हाई.

आबा पाच-सहा दिवस त्या घोड्याला धरून बसले. जेवताना तेच. शेवटी परवा सकाळी मी कोकरांना पाला टाकून राहिले होते, तर हाक आली, "शिवा, इकडं ये. हा घोडा असा काहून उभा?"

मी म्हणले, "चितारणाऱ्याची चूक असंल."

"त्यानं गवताची काडी न् काडी बराबर लववली. माणसं बराबर वाकवली. अन् घोड्यात चुकतोय?" मग काठीचं टोक चित्राच्या कडेला लावलं, घोडा बघतो त्या बाजूला. "ह्याला कुणीतरी हाक मारून राहिलंय. हाक मारणारा चित्रात न्हाई, कडेच्या भाईर हाय."

माझ्या हातातला पाला खाली पडला.

"जनावर आपणहून वादळाकडं तोंड करत न्हाई, शिवा. मायेच्या हाकेलाच करतं." मग म्हणले, "माझी एक्केचाळीस मेंढरं वाऱ्याकडं तोंड करून मेली होती. सगळ्यांची तोंडं बाभळीकडं."

परमा, मी ओट्यावर खाली बसले. मला वाटलं आता काठी उचलतील. पण ते काय म्हणले ऐक. म्हणले, "परमाच्या हाकेला आजवर एक तरी मेंढरू आलंय का? घसा फुटंस्तोवर बोंबलायचा अन् मेंढरं पाला खात राहायची. ते पोरगं हाक मारून एक्केचाळीस मेंढरं आणतंय व्हय!"

मला हसू आलं. खरंच सांगते, रडता रडता हसू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून तुझं नाव ऐकलं, अन् ते बी तुझी टर उडवताना.

मग मी सांगितलं. सगळं. बाभळीखाली होते, पहिली गार खांद्यावर बसली तशी भिऊन गेले. मेंढरं वाऱ्याला पाठ करून दरडीकडं निघाली होती. अशा वेळी गप बसायचं असतं, ती आपसूक आडोशाला जातात, हे आबांनी लहानपणीच शिकवलेलं. पण मला वाटलं ती मला सोडून चालली. मी हाक मारली. एकदा न्हाई, चार-पाचदा. माझ्या हातानं चारा खाल्लेली मेंढरं, फिरली बिचारी. उघड्या माळावर, गारांच्या तोंडावर, माझ्याकडं. मी हाक मारली म्हणून मेली ती. गारांनी न्हाई. हे कुणाला सांगायचं धाडस मला झालं न्हाई. तुला बी फक्त "मी होते" एवढंच सांगितलं होतं, हाकेचं सांगितलं नव्हतं. आता तुला बी कळलं.

आबा ऐकत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणले, "अठरा-एकोणीस वर्षांची होतीस. भ्यायली. मी बी एकदा हाक मारली होती, तुझ्या वयाचा असताना. माझी सात गेली. माझ्या बापाला ठाऊक न्हाई अजून." बाप मरून तीस वर्षं झालीत त्यांचा.

मी विचारलं, "तुमाला कधीपासून ठाऊक?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डे खणायला गेलो तवाच कळलं."

"मग त्याला जाऊ काहून दिलं?"

"तो अंधारातच निघून गेला होता. मी खोरं तिथंच टाकून सेनगावच्या स्टँडवर पळालो. गाडी सुटली होती. माघारी आलो तर तुझे सासरे ओट्यावर बसलेले, लग्नाची तारीख धरायला. आता काय करायचं माणसानं? त्याचं खरं करायला गेलो असतो तर तुझं मोडलं असतं. गप बसलो. तुझं लग्न झाल्यावर बोलायचं ठरवलं होतं. पण आपण नाहक मारलं त्या लेकराला, ते कुठल्या तोंडानं बोलवायचं? बापानं पोराची माफी कशी मागायची, ते मला कुणी शिकवलं न्हाई."

असं म्हणले अन् धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं कधी.

आणि शेवटी वर काय म्हणावं? "सेनगावचा दुकानदार मिठाची पुडी फुकट देत न्हाई, तो मला कॅलेंडर देतोय व्हय? पहिल्या दिवशीच कळलं मला."

म्हणजे या घरात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं. मी त्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या. माय म्हणली, "काय गं, उपास सुटला का?" म्हणले, "व्हय, सात वर्षांचा."

अक्का


साखरा, २३ सप्टेंबर २००१

परमा,

हे पत्र माझं न्हाई. आबा सांगून राहिलेत, मी लिहून राहिले. एक अक्षर माझं घालायचं न्हाई अशी ताकीद हाय, तरी मधी मधी घालणार.

लिही, मेंढरं बरी हायेत.

लिही, पाऊस यंदा बराबर झाला. ज्वारी कमरेला लागली.

लिही, माझा पाय बरा हाय. (खोटं हाय. थंडीत लई ठणकतो.)

लिही, कॅलेंडर चांगलं हाय. ऑगस्टाचं चित्र तेवढं नीट न्हाई. नदी उतरून जाताना माणसानं सामान डोक्यावर घ्यावं, त्यांनी खांद्यावर घेतलं. भिजणार ते.

आता काठीनं जमिनीवर रेघा ओढून राहिलेत. माय म्हणली, "सांगा की आता, पोरीचा हात अवघडला." तिच्यावर खेकसले.

लिही, बापाचा हात चुकला.

लिही, त्याच दिवशी कळलं होतं चुकला ते.

आता म्हणतात, वाचून दाखव. दाखवलं. म्हणतात, बराबर हाय, आता पाकिटात घाल. मी म्हणले, अन् बोलवायचं राहिलं की! तो बोलावल्याशिवाय यायचा न्हाई, हट्टी हाय. म्हणले, "माझ्यावर गेलाय." मग माझ्या हातातलं पेन घेतलं. आबांना लिहिता येत न्हाई ते तुला ठाऊक. मी कागदावर दोन शब्द काढून दाखवले, त्यांच्याखाली त्यांनी बघून बघून काढले. खाली बघ. पहिलं अक्षर उलटं आलंय, पण वाचता येतंय.

परमा, ये.


साखरा, २० नोव्हेंबर २००१

परमा,

नीट पोचलास का? डबा रिकामा झाला का गाडीतच? माय रोज विचारती.

तू दिवाळीला आलास, भाऊबिजेला ओवाळून घेतलंस अन् गेलास. चार दिवस कसे गेले कळलं न्हाई. तू अन् आबा पहिला तासभर नुसते गाडीबद्दल बोलत होतात. कुठं थांबली, किती वाजता सुटली, ड्रायव्हर कसा होता. मी आतून ऐकत होते अन् मनात म्हणत होते, बोला की रे मेल्यांनो! मग तू पाया पडलास अन् त्यांनी तुला उठूच दिलं न्हाई, पाठीवर हात फिरवत राहिले, जिथं मारलं होतं तिथंच. तवा मी परत चुलीपाशी गेले.

निघताना स्टँडवर तू मला म्हणलास, "अक्का, आता मिटलं. सासरी काही उकरून काढू नको." मी मान हलवली. तुझं ऐकलं न्हाई.

तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासरे आले हट्ट्याहून, लेकरांना भेटायला. चहा पिताना सहज म्हणले, "तुझा भाऊ येऊन गेला म्हणं. कळप बुडवला तोच ना?" ते वाईट मनानं म्हणले न्हाईत. पण मला कळलं, तू दर दिवाळीला येशील अन् दर दिवाळीला हेच ऐकशील. मी बारक्याला मांडीवरून खाली ठेवलं अन् म्हणले, "मामा, कळप त्यानं न्हाई बुडवला. रानात मी होते. मी हाक मारली अन् मेंढरं गारांत फिरली. त्यानं माझ्यासाठी अंगावर घेतलं."

तुझे दाजी मेंढरं कोंडायच्या वाघरीची जाळी विणून राहिले होते, त्यांचा हात थांबला. माय दारात आली. आबा खाटेवर उठून बसले, काठी हातात घेतली, कुणाला मारायला ते देव जाणे. सासरे बशी हातात धरून तसेच. मला वाटलं, गेलं, आता माझा संसार गेला.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली अन् विचारलं, "कोकरं किती वाचली?"

"अकरा. घोंगडीखाली घेतली होती."

"अन् तुला किती लागलं?"

परमा, हे मला कुणीच विचारलं नव्हतं. आबांनी न्हाई, तू बी न्हाई. विचारणार कसे, मी रानात नव्हतेच ना! म्हणले, "पाठ काळीनिळी झाली होती, डाग दोन महिने गेले न्हाईत. हळदीच्या दिवशी मायनं चोळीवरून शाल घातली, अन् बायांना सांगितलं पोरीला थंडी वाजती म्हणून." वैशाखात! माय दारात उभी राहून रडायला लागली.

दाजी उठून आले, माझा कप उचलला, त्यांचा उरलेला चहा त्यात ओतला अन् माझ्या हातात दिला. ते तसेच हायेत, बोलता येत न्हाई त्यांना.

मला राहवलं न्हाई. इतकं बोलले तर हे बी विचारून घ्यावं म्हणून विचारलं, "मामा, तवा कळलं असतं तर लग्न मोडलं असतं का?"

मला वाटलं म्हणतील, छे छे, असं कसं. सगळे तेच म्हणतात. पण म्हातारा म्हणला, "खोटं कशाला बोलू, पोरी? मोडलं असतं. मीच मोडलं असतं. नरसीची एक पोरगी बघून ठिवली होती दुसरी. तवा मी असाच होतो."

दाजी म्हणले, "नरसीची? मला कुणी सांगितलं न्हाई!" अन् आबा हसायला लागले, मग सगळेच.

जाताना सासरे म्हणले, "आता कुणी त्या पोराचं नाव काढलं तर मला सांग. हट्ट्यात मी सांगतो, साखऱ्यात तुझे आबा सांगतील." अन् खरंच, आबांनी त्याच संध्याकाळी कोंडीबा मामाला सांगितलं. मामाला सांगितलं म्हणजे पारावर सांगायची गरज न्हाई.

हे सगळं कळवायलाच लिहिलं, पण आणखी एक हाय. तू इथं होतास तवा तोंडानं बोलता आलं न्हाई. नुसत्या भाकरी वाढत राहिले.

सात वर्षं मला वाटायचं, तू उगाच गेलास. खरं बोलले असते तरी चाललं असतं, लोक काय खात न्हाईत, अन् मी भित्री म्हणून तुझं घर सुटलं. रोज वाटायचं. आता सासऱ्यांच्या तोंडून ऐकलं, मोडलं असतं. म्हणजे उगाच न्हाई गेलास तू, परमा. हे घर, हा चहा देणारा माणूस, ही दोन लेकरं, सगळं मला तुझ्यामुळं मिळालं.

ते बोलून सासरे उठले तवा पुनम अंगणात खेळून राहिली होती. मी गेले अन् तिला उचलली, इतकी घट्ट धरली की ती ओरडली, "सोड की गं माय, लागतंय!"

न्हाई सोडली.

अक्का